गेम ऑफ थ्रोन्स : झलकी बघून जीव टांगणीला लागलेल्यांसाठी

पानगळ (७ मार्च २०११)

एचबीओ या अमेरिकन टीव्ही वाहिनीने तिच्या 'गेम ऑफ थ्रोन्स' या नव्या मालिकेच्या एकामागून एक झलकी सोडायला सुरुवात केलीय आणि माझं कशात लक्ष लागत नाहीये. तेच तेच तुकडे परत परत बघतेय. दीड मिनिटाचा तुकडा, पण मागे कोण उभं आहे, कुणाच्या झग्यावर कुठल्या घराण्याचं चिन्ह आहे, हे थांबवून थांबवून बघायचं म्हटलं की अर्धा तास कुठे जातो कळत नाही. घरच्यांनी माझा नाद सोडलाय, म्हणून इथे धागा काढतेय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालिकेचा पहिला भाग 'अ गेम ऑफ थ्रोन्स' १९९६ साली आला. दुसरा १९९८, तिसरा २०००, चौथा २००५. पाचव्यासाठी तेव्हापासून डोळे लावून बसलोय आणि आत्ता ३ मार्चला तारीख जाहीर झाली, १२ जुलै. मालिका १७ एप्रिलला सुरू होतेय, दहा एपिसोड. म्हणजे मालिका संपते न संपते तोच पुस्तक हातात. हे वर्ष आपलं आहे लोकहो!

गंमत अशी की मार्टिनबुवा मुळात टीव्हीतलेच. ऐंशीच्या दशकात ते मालिकांसाठी लिहायचे आणि दर वेळी ऐकून घ्यायचे, हे महाग पडेल, पात्रं कमी करा, लढाई लहान करा. वैतागून कादंबरीकडे वळले आणि कॅमेऱ्यात मावणारच नाही असं काहीतरी लिहायचं ठरवूनच बसले. शेकडो पात्रं, हजारोंच्या लढाया, सातशे फूट उंच बर्फाची भिंत. आणि फिरून तेच टीव्हीवर आलं! आठवा एपिसोड तर त्यांनी स्वतः लिहिलाय.

आता मी या झलकींमध्ये नक्की काय शोधतेय ते. किल्ले, घोडे, चिलखतं छान दिसणार यात मला शंका नव्हतीच. माझी धाकधूक वेगळी आहे. पहिल्या पुस्तकात प्रोलॉग सोडून ७२ प्रकरणं आहेत आणि प्रत्येक प्रकरण आठ माणसांपैकी कुणा एकाच्या डोक्यात बसून सांगितलंय. विंटरफेलचा सरदार नेड स्टार्क, त्याला काय वाटतं ते नेडच्या प्रकरणात. राणी सर्सीचं या पुस्तकात एकही प्रकरण नाही, त्यामुळे ती काय शिजवतेय याचा थांग लागत नाही. आपण नेडइतकेच अंधारात. आणि ज्याच्या डोक्यात बसून आपण चाललोय त्याला लेखक पाठीशी घालेल याची काडीचीही खात्री नाही. चांगला वागला म्हणून वाचला, असं इथे होत नाही. वागण्याची किंमत मोजावी लागते, आणि बऱ्याचदा भलताच माणूस ती मोजतो.

कॅमेऱ्याला डोक्यात शिरता येत नाही. मग तो काय करेल? सगळ्यात सोपी वाट म्हणजे एक नायक पकडायचा, तो आला की ढोल-ताशे वाजवायचे, आणि बघणाऱ्याला पहिल्या मिनिटातच सांगून टाकायचं की याला काही होत नाही, निवांत बसा. तसं झालं की संपलं. मग भिंत सातशे फूट दाखवा नाहीतर सात हजार.

म्हणून मला ते पोस्टर इतकं आवडलं. लोखंडी सिंहासनावर नेड झालेला शॉन बीन, हातात ती अजस्र तलवार, आणि चेहरा असा की 'कुठे येऊन अडकलो'. सिंहासनावर बसलाय, पण राजा वाटत नाही; थकलेला कारभारी वाटतो. नेड म्हणजे तोच. निम्मी धाकधूक तिथेच गेली.

बोला आता. एकच अट, पुढची गोष्ट फोडायची नाही. पहिल्या पुस्तकाच्या शेवटाबद्दल तर अक्षरही काढायचं नाही.

तिरपागडा

शॉन बीन आहे ना? मग फोडायला उरलंय काय!

पानगळ

तिरपागडा, गप बसा!!!

गोधडी

का गप? शॉन बीन कोण? मला कुणी सांगेल का?

नुसताच_वाचक

लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या पहिल्या सिनेमातला बोरोमिर. गोधडी, याच्यापुढे विचारू नकोस. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय.

गोधडी

बरं. पण मला खरंच काही माहीत नाही हो. ड्रॅगन, राजेराण्या म्हटल्यावर लहान मुलांचं काहीतरी असेल असं वाटलं होतं. चार ओळींत सांगा ना.

उत्तररात्र

लहान मुलांना अजिबात जवळ फिरकू देऊ नकोस.

गोधडी, तुला महाभारत माहीत आहे ना, मग निम्मं काम झालं. गादीसाठीची भाऊबंदकी, फितुरी, लग्नांतून जुळवलेली आणि लग्नांतूनच मोडलेली राजकारणं. फक्त इथे कृष्ण नाही. कुणाची बाजू धर्माची ते सांगणारं कुणीच नाही.

मुळाशी इंग्लंडचा इतिहास आहे. १४५५ ते १४८५, तीस वर्षं, लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांत गादीवरून यादवी चालली होती. पुस्तकातले लॅनिस्टर आणि स्टार्क कुठून आले ते कळलंच असेल. आणि उत्तरेची ती भिंत हेड्रियनच्या भिंतीवरून सुचलेली. रोमन सम्राट हेड्रियनने इ. स. १२२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये बांधायला घेतली ती. मार्टिन १९८१ साली तिथे गेले होते. भिंतीवर उभं राहून त्यांच्या मनात आलं, हजारो मैलांवरून आलेला एखादा रोमन शिपाई इथे पहाऱ्याला उभा असेल, समोर नुसतं धुकं आणि डोंगर, तिकडून काय येईल याचा पत्ता नाही. त्याला कसं वाटत असेल? पुस्तकात ती भिंत तीनशे मैल लांब झाली, आणि पलीकडून जे येतं ते रोमन शिपायाच्या स्वप्नातही आलं नसतं.

जादू आहे, पण बेताची. बहुतेक पात्रांचा तिच्यावर विश्वासही नाही. ड्रॅगन मरून दीडशे वर्षं होऊन गेलीत असं सगळे धरून चालतात.

पानगळ, मला काळजी नकाशाची आहे. पुस्तकात अडलं की पुढची पानं उलटून नकाशा बघता येतो. नेडचं विंटरफेल कुठे, राजधानी किंग्ज लँडिंग कुठे, समुद्रापलीकडे परागंदा राजकन्या डेनेरिस कुठे. पडद्यावर नवख्या माणसाला हे कळणार कसं? दर प्रसंगाखाली गावाचं नाव लिहिणार का?

तिरपागडा

मी जरा विरजण घालतो.

दीड मिनिटात कुठलीही गोष्ट थोर दिसते. झलक कापणारे लोक वेगळे, त्यांचं कामच ते. खाली दणदणीत ड्रम, वर एखादं जड वाक्य, मध्ये तीन तलवारी, की झालं. त्यावरून मालिकेची परीक्षा करणं म्हणजे पत्रिका बघून संसार कसा होईल ते सांगणं.

'चंद्रकांता' आठवतेय ना? देवकीनंदन खत्रींची कादंबरी, १८८८ ची. १९९४ मध्ये दूरदर्शनवर आली तेव्हा आम्ही पण असेच वेडे झालो होतो. क्रूरसिंगाच्या भुवया आणि त्याचं 'यक्कू' अजून डोळ्यासमोर आहे. पण नंतर कादंबरी मिळवून वाचली तर मालिकेतलं निम्मं त्यात नव्हतंच, आणि कादंबरीतला ऐयारांचा, म्हणजे वेषांतर करणाऱ्या हेरांचा, खरा डोकेबाजपणा मालिकेत आला नव्हता. क्रूरसिंग मजेदार होता हो, नाही कोण म्हणतंय! पण पुस्तक ते पुस्तक.

आणि यांनी पहिला एपिसोड एकदा शूट करून पुन्हा केलाय ना? ती काही बरी खूण नव्हे.

नुसताच_वाचक

तिरपागडाभाऊ, त्या पुन्हा शूट करण्याबद्दल मला उलट वाटतं.

पायलट, म्हणजे चाचणीचा पहिला एपिसोड, २००९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाला. उत्तर आयर्लंड, स्कॉटलंडमधला डून किल्ला, मोरोक्को. दिग्दर्शक टॉम मॅकार्थी. मार्च २०१० मध्ये एचबीओने पूर्ण सीझनला होकार दिला, पण पायलटचा बराचसा भाग टिम व्हॅन पॅटनकडून नव्याने करून घेतला. दोन महत्त्वाच्या भूमिकांतली माणसंही बदलली. नेडची बायको केटलिन आधी जेनिफर एली होती, आता मिशेल फेअरली. डेनेरिस टॅमझिन मर्चंट होती, आता एमिलिया क्लार्क म्हणून नवीनच मुलगी आहे. एवढा खर्च पाण्यात घालून 'जमलं नाही, पुन्हा करू' म्हणणारे लोक मला तरी भरवशाचे वाटतात. चालून जाईल म्हणून तसंच पुढे रेटलं असतं तर मी घाबरलो असतो.

दुसरं, करणारे दोघे, डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस, हे आधी वाचक आहेत. मार्टिनना भेटायला गेले तेव्हा म्हाताऱ्याने जेवता जेवता एकच प्रश्न टाकला, नेडच्या अनौरस मुलाची, जॉन स्नोची आई कोण? पुस्तकांत कुठेही सरळ लिहिलेलं नाही. यांनी आपला तर्क सांगितला आणि म्हाताऱ्याला पटला. अशी तोंडी परीक्षा आपल्याकडेही सुरू करायला हवी, कादंबरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाची.

आता माझ्या तक्रारी, कारण माझ्या आयडीची लाज राखायला हवी.

एक, सिंहासन. पुस्तकात ते हजार तलवारी वितळवून केलेलं, वेडंवाकडं, बसेल त्याला कापणारं धूड आहे. राजाने आरामात बसूच नये अशा बेताने पहिला राजा एगॉन याने करवून घेतलेलं. झलकीतलं दिसायला देखणं आहे, पण फारच नीटनेटकं. खुर्ची म्हणून खपेल.

दोन, डोळे. डेनेरिसच्या टार्गेरियन घराण्यातल्या लोकांचे डोळे जांभळे. झलकीत डेनेरिसचे तसे दिसत नाहीत.

तीन, राणीचा बुटका भाऊ टिरियन. पीटर डिंक्लेज उत्तम नट आहे, पण पुस्तकातला टिरियन कुरूप आहे हो, एक डोळा काळा एक हिरवा. हा तर राजबिंडा आहे!

मुलांची वयं वाढवलीत ते मात्र मला मान्य आहे. नेडचे रॉब आणि जॉन पुस्तकात चौदा वर्षांचे, ब्रॅन सात वर्षांचा. सात वर्षांच्या पोराकडून ते सगळं करून घेणं कुठल्या दिग्दर्शकाला जमणार?

पानगळ

डोळ्यांचं मला दुःख नाही, वाचकराव. त्या मुलीच्या मानेकडे बघा. भावासमोर उभी असते तेव्हा मान खाली, खांदे आत ओढलेले, श्वाससुद्धा परवानगी घेऊन घेतेय असं वाटतं. आणि दुसऱ्या तुकड्यात घोड्यावर, मान सरळ. मध्ये काय झालं ते आपल्याला माहीत आहे. पुस्तकात हे तिच्या डोक्यातून कळतं, इथे मानेतून कळलं. मला हेच हवं होतं. जांभळी भिंगं घातली असती तर आपण भिंगंच बघत बसलो असतो.

टिरियनबद्दल मात्र कान बंद. डिंक्लेजविरुद्ध बोलणाऱ्याला या धाग्यावर पाणी मिळणार नाही.

दिवेलागण

त्या घोडेस्वार टोळीवाल्यांच्या भाषेकडे, डोथ्राकीकडे, कुणी लक्ष दिलंत का? माझं वेड तिथे आहे.

पुस्तकात डोथ्राकी भाषेचे थोडेच शब्द आहेत, बाकी नावं. टीव्हीवर ते टोळीवाले एकमेकांशी बोलणार कसे? साधारणपणे अशा वेळी नटांना सांगतात, काहीतरी रांगडं बडबडा. यांनी रीतसर भाषा करवून घेतली. भाषा रचणाऱ्यांची एक संस्था आहे, तिच्यामार्फत निवड केली, तीसेक जणांनी हात आजमावला, त्यातून डेव्हिड पीटरसन निवडला गेला. मार्टिननी पुस्तकात जेवढे शब्द आणि नावं पेरलीत तेवढ्याला धक्का न लावता त्याने त्यावर व्याकरण उभं केलं. गेल्या एप्रिलमध्ये ही बातमी जाहीर झाली तेव्हाच सतराशेच्या वर शब्द तयार होते.

झलकीत त्यांचा म्होरक्या खाल ड्रोगो जेमतेम एखादं वाक्य बोलतो. पण त्याच्या आजूबाजूचे लोक ते वाक्य समजल्यासारखे वळतात. खोटी बडबड असती तर ते जमलं नसतं, नट शून्यात बघतात मग. त्या अर्ध्या सेकंदासाठी मी तो तुकडा किती वेळा पाहिला ते विचारू नका.

गोधडी

तुम्ही सगळे भयंकर आहात. मी पुस्तक मागवलं. प्रोलॉग वाचला. रात्री दिवा चालू ठेवून झोपले.

पानगळ (४ एप्रिल २०११)

धागा वर काढतेय, कारण काल पहिल्या एपिसोडची सुरुवातीची पंधराएक मिनिटं एचबीओने दाखवली! झलक नाही, तुकडा नाही, सलग! ज्यांना १७ तारखेपर्यंत कोरं राहायचंय त्यांनी इथून मागे फिरा. बाकीच्यांनी खुर्च्या ओढा.

भिंतीतून निघणारा तो बोगदा. लांबलचक, अंधारा, पुढे तिघांच्या मशाली. लोखंडी दार वर सरकतं आणि भिंतीवरचे तिघे पहारेकरी घोड्यांवरून पलीकडच्या पांढऱ्या उजेडात बाहेर पडतात. कुणी एक शब्द बोलत नाही. भिंत केवढी आहे हे सांगायला त्यांनी वरून विमानातून फिरवलं नाही; आतून चालायला किती वेळ लागतो ते दाखवलं. मी तिथेच विकली गेले.

मग जंगल. तिघांपैकी विल पुढे जातो आणि त्याला बर्फात मांडून ठेवलेली प्रेतं दिसतात. मांडून ठेवलेली, हे महत्त्वाचं. कुणीतरी विचार करून तुकड्यांची नक्षी केलीय. पुस्तकात हे नाही. पुस्तकात प्रेतं झोपल्यासारखी पडलेली असतात, आणि विल इतरांना घेऊन परत येतो तर जागेवर नसतात. इथे झाडाला खिळलेली ती लहान मुलगी आहे, आणि नंतर ती वळून बघते. निळे डोळे. मी किंचाळले.

वाचकराव, तुम्ही चिडणार आहात हे मला माहीत आहे. या.

नुसताच_वाचक

चिडलोच आहे!

प्रोलॉगमधला सगळ्यात सुंदर प्रसंग कापला. तिघांचा म्होरक्या सर वेमार रॉइस. अठरा वर्षांचा, उंची केसाळ झगा घातलेला, मिजासखोर पोरगा. सगळा प्रोलॉगभर आपण त्याला हसतो, विल आणि तिसरा पहारेकरी गॅरेडसुद्धा मनातून हसतात. आणि शेवटी झाडांतून ते पांढरे येतात, चिलखताचा रंग पावलागणिक बदलतोय, हातात बर्फाची तलवार. हा पोरगा पळत नाही. दोन्ही हातांनी तलवार धरून समोर उभा राहतो. त्याची तलवार गारठून फुटते, तोवर लढतो. त्या चार ओळींत तो मुलगा मोठा होतो आणि मरतो. मालिकेत? मागून कुणीतरी आला आणि काम तमाम. त्याला लढायलाही मिळालं नाही.

आणि अदलाबदल कशाला? पुस्तकात विल मरतो आणि गॅरेड पळतो. इथे गॅरेडचं मुंडकं उडालं आणि विल सुटला. गॅरेड चाळीस वर्षं पहाऱ्यावर काढलेला म्हातारा, थंडीने दोन्ही कान गेलेले, पायाची बोटं गेलेली. असा माणूस घाबरून पळतो तेव्हा वाचकाच्या पोटात गोळा येतो, की याने असं काय पाहिलं असेल! जवान पोरगा पळाला तर त्यात काय नवल?

तिरपागडा

बघा, मी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. पहिल्या सात मिनिटांत दोन बदल. दहा एपिसोडचा हिशेब तुम्हीच करा.

उत्तररात्र

वाचकराव, द्वंद्वयुद्धाबद्दल शंभर टक्के अनुमोदन. ते जायला नको होतं.

पण विलच्या बाबतीत मला वाटतं त्यांनी फार विचार केलाय. पुस्तकातला प्रोलॉग कुणाच्या डोक्यात बसून आहे? विलच्या. झाडावर चढून तो बघतो, आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो. आणि तो मरतो. जे पाहिलं ते त्याच्याबरोबर गेलं. पुढच्या प्रकरणात ब्रॅनच्या नजरेसमोर दोन्ही कान नसलेला एक म्हातारा येतो, नेड त्याला पळपुटा म्हणून मारतो. वाचक मागची पानं आठवून जोडतो, अरे, हा तर गॅरेड. पुस्तकात नाव हातात असतं, म्हणून जोडता येतं.

पडद्यावर बघणाऱ्याकडे नावं नसतात, चेहरे असतात. पहिल्या सात मिनिटांत सगळ्यात जास्त वेळ कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर आहे? विलच्या. प्रेतं त्याने पाहिली, मुलगी त्याने पाहिली, गॅरेडचं मुंडकं त्याच्या पुढ्यात येऊन पडलं. आणि पुढे नेडसमोर ठोकळ्यावर मान ठेवायला येतो तोच चेहरा. तो खरं सांगतोय हे आपल्याला माहीत आहे, कारण आपण त्याच्याबरोबर होतो. नेडला माहीत नाही. नेड कायद्याप्रमाणे बरोबर वागतो, स्वतःच्या हाताने वागतो, आणि तरी चूक करतो. पानगळ, तू पहिल्याच दिवशी म्हणालीस ना, डोक्यात शिरता येत नाही तर कॅमेरा काय करेल? हे केलं त्याने. आधी आपल्याला एका माणसाच्या जागी उभं केलं आणि मग त्याच माणसाचं मुंडकं आपल्या लाडक्या नेडकडून उडवलं.

यात ढोल-ताशे कुठे आहेत? नायक आला म्हणून कुणी सांगितलं? नायकाची पहिली कामगिरी म्हणजे खरं बोलणाऱ्या माणसाला मारणं.

पानगळ

उत्तररात्र, दंडवत!

मी हे दोनदा पाहूनसुद्धा मला नुसतं 'अंगावर आलं' एवढंच कळलं होतं, का आलं ते तू सांगितलंस. तिरपागडाभाऊ, बदल मोजण्यात अर्थ नाही, बदल कुठल्या दिशेला झुकतात ते बघा. हा बदल पुस्तकापेक्षाही निष्ठुर आहे. वेमारचं द्वंद्व कापलं त्याचं मला वाईट वाटतंच, पण त्यातही तीच चाल आहे बघा. त्याला शूरपणे मरायची संधीसुद्धा दिली नाही.

नुसताच_वाचक

उत्तररात्र, तुझं विलबद्दलचं म्हणणं मान्य. पटलं, पण आवडलं नाही. वेमारसाठी मी सुतक पाळतोय.

जाता जाता एक माहिती. ते जंगल म्हणजे उत्तर आयर्लंडमधलं टॉलिमोर. विंटरफेलसाठी कॅसल वॉर्ड. भिंतीच्या पायथ्याचा किल्ला मॅघेरामॉर्नच्या जुन्या खाणीत उभा केलाय, मागे खाणीचा खरा कडा आहे आणि त्याच्यावर संगणकाने बर्फ चढवलाय. म्हणून ती भिंत चिकटवल्यासारखी वाटत नाही. आतले सेट बेलफास्टच्या पेंट हॉलमध्ये, जिथे पूर्वी जहाजांचे भाग रंगवायचे. किंग्ज लँडिंग माल्टामध्ये.

दिवेलागण

खाणीचं ऐकून बरं वाटलं. थंडी खोटी असती तर लगेच कळलं असतं. त्या तिघांच्या बोलण्यातला कापरेपणा मात्र मला खराच वाटला, संवाद म्हणण्याची घाई नाही, शब्द तोंडातून ढकलावे लागतायत.

तिरपागडा (१८ एप्रिल २०११)

पाहिला. पूर्ण एपिसोड.

हं.

ठीक आहे. बरा आहे. पुढचा बघणार आहे. एवढ्यावरच समाधान माना.

पानगळ

तिरपागडाभाऊंचं 'बरा आहे' म्हणजे बाकीच्यांचं 'अप्रतिम', हे नव्या लोकांनी टिपून ठेवा!

दिवेलागण

उत्तररात्र, तुझ्या नकाशाचं उत्तर मिळालं की नाही? शीर्षकंच नकाशा आहेत! चाकं फिरतायत, दाते एकमेकांत अडकतायत आणि जमिनीतून लाकडी-पितळी शहरं वर येतायत. किंग्ज लँडिंग, मग विंटरफेल, मग भिंत, मग समुद्र ओलांडून पेंटॉस. ज्या गोष्टीसाठी आपण पानं उलटायचो ती दर एपिसोडच्या आधी आपोआप होणार. आणि ते संगीत, रामिन जवादीचं. चेलो सुरू झाला की माझं पाऊल हलायला लागतं.

उत्तररात्र

मिळालं आणि कसं मिळालं! मी नावं लिहितील म्हणत होते, यांनी अख्खं जग किल्ली देऊन चालवलं.

मला एक गोष्ट खटकली, नावं फार भराभर येतात. आपल्याला कोण कुणाचा कोण ते पाठ आहे. जॉन ॲरिन कोण, तो मेला तर एवढी खळबळ का, हे नवख्याला एका दमात कळेल असं वाटत नाही. गोधडी, तुला कळलं?

गोधडी

जॉन ॲरिन गेला खड्ड्यात!!! त्या पोराला खिडकीतून ढकललं!!! मी पुस्तक अजून तिथवर वाचलं नव्हतं, म्हटलं आधी एपिसोड बघू. दहा वर्षांचा पोरगा! त्याने काय केलं होतं? भिंतीवर चढला, एवढंच! आणि तो जेमी केवढा देखणा, मी सगळा वेळ त्याच्याकडे बघून खूश होत होते. तुमच्यापैकी एकानेही सांगितलं नाही!

नुसताच_वाचक

सांगायचं नाही अशी अट होती.

तिरपागडा

गोधडी, हा पहिला एपिसोड आहे हां. नऊ बाकी आहेत.

पानगळ (२० एप्रिल २०११)

ताजी बातमी! एचबीओने दुसरा सीझन मंजूर केला. एकच एपिसोड दाखवून झालाय, अमेरिकेत पहिल्या प्रक्षेपणाला २२ लाखांच्या वर प्रेक्षक होते, आणि दोन दिवसांत पुढचा सीझन पक्का. म्हणजे दुसरं पुस्तकही पडद्यावर येणार. स्टॅनिस येणार, डाव्होस येणार, ब्लॅकवॉटरची लढाई येणार! ती लढाई टीव्हीच्या पैशांत कशी बसवणार यावर आत्तापासून वाद घालायला मी तयार आहे. वाचकराव, तुमचा अंदाज काय, नदी दाखवतील की नुसतेच लोकांचे चेहरे दाखवून वेळ मारून नेतील?

नुसताच_वाचक

दाखवली तर हिरव्या ज्वाळांसकट दाखवावी, नाहीतर त्या वाटेला जाऊच नये.

गोधडी

दुसरा सीझन राहू दे बाजूला. ब्रॅन जगतो की नाही तेवढं सांगा.